वेल्डिंग मारायला नाही म्हणालात, त्याबद्दल

मिस्त्रीभाऊ,

त्या रात्री गडबडीत तुमचा नंबर घ्यायचा राहून गेला, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितो आहे. तुमच्या गावाकडच्या कोणी वाचलं तर तुम्हाला दाखवेलच.

मी तो वरुडचा संत्रेवाला. डिसेंबरात आंबिया बहाराचे (हिवाळ्यात निघणाऱ्या संत्र्याचे) 90 कॅरेट पिकअपमध्ये भरून नागपूरच्या कळमना बाजाराला निघालो होतो. पासिंग, म्हणजे कागदावर मंजूर वजन, दीड टनाचं, माल त्याहून जास्त, हे कबूल करतो. जलालखेड्याच्या अलीकडे वळणावर ब्रेकचा पायडल खाली गेला आणि मागून लोखंड घासल्याचा आवाज आला. उतरून बॅटरी मारली, तर डाव्या बाजूचं मागचं चाक चार बोटं बाहेर आलेलं. चाकाचे सगळे नट मात्र जागेवर घट्ट. काहीच उमगेना.

तुम्ही मोटरसायकलवर घरी चालले होते. थांबले, चाकाला दगड लावला, वास घेतला आणि म्हणाले, "गेअर ऑइल आहे भाऊ. चाक नाही निघालं, एक्सल, चाक फिरवणारा आतला दांडा, तो निघून राहिला."

महिनाभरापूर्वीच मी एका गॅरेजमध्ये त्या चाकाचं बेरिंग बदलून घेतलं होतं. तिथल्या कारागिरानं छातीठोक सांगितलं होतं, "आतमध्ये लॉक असते, एक्सल बाहेर येतच नाही." तेच मी तुम्हाला ऐकवलं. तुम्ही हसले नाही, हे विशेष. जॅक लावला, चाक ओढलं, तर ब्रेकच्या ड्रमसकट अख्खा शाफ्ट, म्हणजे तो एक्सलच, हातात आला. मग त्याचं आतलं टोक मला बॅटरीच्या उजेडात दाखवलं. नुसते दाते. लॉक बसायला खाच कुठे होती?

सी-लॉकच्या, म्हणजे इंग्रजी C च्या आकाराचं लॉक असलेल्या गाड्यांत त्या टोकाला खाच असते, लॉक डिफरन्शियलच्या (दोन्ही मागच्या चाकांच्या मधल्या गेअरच्या गोळ्याच्या) आत बसतं आणि शाफ्ट काढायचा तर मागचं झाकण खोलावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. मोठ्या ट्रकचं आणखी वेगळं. तिथे हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, हाउसिंगवरच (एक्सलच्या बाहेरच्या नळीवर) दोन बेरिंगांवर फिरतो, एक्सल उपसून घेतला तरी ट्रक चाकावर उभा. माझ्या पिकअपमध्ये मात्र चाक थेट शाफ्टच्या फ्लँजला, म्हणजे टोकाच्या चकतीला. वजनही शाफ्टवरच. आणि तो शाफ्ट धरून ठेवणारी वस्तू कोणती, तर बेरिंगच्या मागे दाबून बसवलेली एक कॉलर. ना नट, ना पिन. बाहेरची पट्टी चार नटांनी बेरिंगला धरते, बेरिंग कॉलरला अडवतं, आणि कॉलर शाफ्टला धरते ती फक्त तिचं भोक केसभर लहान असतं म्हणून. बारा वर्षं गाडी चालवतो आहे, पण माझा जीव एवढ्याशा कड्यावर आहे हे ठाऊक नव्हतं.

आमच्या त्या कारागिरानं जुनी कॉलर छिन्नीनं उचकटून काढली आणि तीच परत ठोकून बसवली होती. एकदा सैलावलेली कॉलर पुन्हा धरत नाही. बेरिंग राहिलं हाउसिंगमध्ये, शाफ्ट त्याच्यातून सरकत बाहेर.

मी तुमच्या मागे लागलो होतो, की कॉलरवर वेल्डिंगचे चार टाके मारून द्या, पहाटेच्या लिलावाला पोचू द्या. तुम्ही म्हणाले, "मारून देणारा भेटन तुम्हाले. मी नाही मारत. शाफ्ट पाणी दिलेला, म्हंजे तापवून कडक केलेला असते, तापला का तिथूनच तुटन." तेव्हा राग आला होता. खोटं कशाला बोलू, मनात शिवीसुद्धा दिली. पण तुम्ही लगेच ओळखीच्या गाडीवाल्याला उठवलं आणि रात्री दोनला कॅरेट उचलायला स्वतः हात लावला. माल वेळेवर लागला.

मग तुमच्या मागे बसून, तो शाफ्ट मांडीवर आडवा घेऊन आलो. पॅन्टचा वास अजून गेला नाही. सकाळी शाफ्टवर छिन्नीचे घाव दिसल्यावर तोच परत घालायला तुम्ही दुसऱ्यांदा नाही म्हणाले, नवाच शाफ्ट बोलवायला लावला. आधी पट्टी, मग बेरिंग, मग तापवलेली कॉलर, असा तो क्रम मी उभा राहून पाहिला. कॉलर सरकन बसली, निवली आणि जागची हलेना. तेल लागलेले ब्रेकचे लायनर, तेल अडवणारं ऑइल सील, सगळं बदलून नवं. उजव्या बाजूचं चाकही उचलून दोन्ही हातांनी आतबाहेर हलवून पाहिलं, आणि दर महिन्याला असंच पाहायला मला शिकवलं. रात्रीच्या मेहनतीचे पैसे मात्र घेतले नाही.

परवा सीटखाली तुमचा 14-15 चा पाना सापडला. मृग बहाराचा, म्हणजे संत्र्याच्या दुसऱ्या हंगामाचा माल सुरू झाला आहे, या आठवड्यात तिकडूनच जाणार आहे. पाना आणि एक कॅरेट घेऊन येतो. या खेपेला पासिंगइतकाच माल आहे, मोजून घ्या.

तुमचा,
वरुडचा संत्रेवाला