दहा तासांचं अंतर

ती. आई-बाबांस, सा. न.

बाबा, परवा फोनवर मी लंडनला बोलावल्यावर "सात हजार किलोमीटर!" असं म्हणून तुम्ही गप्प झालात, तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे. मुंबई-लंडन अंतर सरळ मोजलं तर 7200 किलोमीटरच्या आसपास भरतं, हे खरं. विमान त्याहून जास्तच उडतं, कारण फेब्रुवारी 2022 पासून युक्रेनवरचं आकाश प्रवासी विमानांना बंद आहे आणि खालून वळसा घ्यावा लागतो. तरी थेट विमान साधारण दहा तासांत पोचतं. आपली महालक्ष्मी रात्री कोल्हापूर सोडून सकाळी दादर गाठते, तिलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. आयुष्यभर त्या गाडीनं गेलात-आलात, म्हणून म्हणते, किलोमीटर मोजू नका, तास मोजा.

परत जाताना तर तासभर कमीच लागेल. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो. इकडे येताना तो समोरून येतो, जाताना पाठीशी असतो.

मला काळजी आहे ती विमानाच्या आधीच्या प्रवासाची. महालक्ष्मीतून उतरून तडक सहारला जायचं नाही. एक रात्र मावशीकडे दादरला राहा, नीट झोपा, मग निघा. विमानतळावर तीन तास आधी पोचावं लागतं आणि आत चालणं खूप आहे. आई, तुझ्या गुडघ्यांसाठी तिकिटाबरोबरच व्हीलचेअर सांगून ठेवते. त्यात संकोच करू नकोस. आखातात विमान बदललं तर पैसे वाचतात, पण अनोळखी विमानतळावर अपरात्री तुम्ही दोघं गेट शोधताय हे मला सहन होणार नाही. थेटच या.

आत बसल्यावर एक लक्षात ठेवा. विमानातल्या हवेचा दाब साधारण 1800 ते 2400 मीटर उंचीवर असतो तेवढाच ठेवतात. कळसूबाईचं शिखर 1646 मीटर, म्हणजे त्याहूनही विरळ हवेत दहा तास बसायचं. हवा कोरडी असते, घसा सुकतो. घोट घोट पाणी पीत राहा. बाबा, उठावं लागेल म्हणून पाणी टाळू नका, उठायलाच हवं. अधूनमधून चार पावलं चाला, बसल्या जागी घोटे फिरवा, नाहीतर पायांत रक्त साकळण्याची भीती असते. औषधं हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट. मे महिन्यात इथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, तेव्हा बीपीची गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांना आधीच विचारून घ्या.

आई, तूप आणि पेढे आणू नकोस. दुधाचे पदार्थ इथे आणू देत नाहीत, काढून टाकतात, आणि तुझ्या हातचं तूप कचऱ्यात गेलेलं मला बघवणार नाही. कांदा-लसूण चटणी मात्र भरपूर आण, दोन पिशव्यांत घट्ट बांधून.

दुपारी एकच्या सुमाराला निघणारं विमान बघते आहे. इथल्या संध्याकाळी साडेसहाला पोचाल, तेव्हा मे महिन्यात लख्ख उजेड असतो. मी दाराशीच उभी असेन. बाबा, मेच्या दुसऱ्या आठवड्यातली कोणती तारीख चालेल ते रविवारपर्यंत कळवा, म्हणजे तिकिटं काढते.

तुमची लेक