एफएनएसीच्या (गाठीत सुई घालून पेशी तपासण्याच्या) खोलीतल्या डॉक्टर मॅडमना

नमस्कार मॅडम,

तुमचं नाव विचारायचं राहिलंच, आणि माहीत असतं तरी इथे लिहिलं नसतं. गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, रोज इतक्या गाठी तुमच्या हाताखालून जातात की पेडण्याहून आलेली माझी धाकटी बहीण तुम्हाला आठवायचं काही कारण नाही. मानेच्या डाव्या बाजूला गाठ, कॉलेजात जाणारी पोर, आणि सोबत मी, तिच्यापेक्षा जास्त घाबरलेली.

घरात तोवर सगळं बोलून झालं होतं. मावशी म्हणे गाठीला सुई लावली की ती पसरते, शेजारच्यांनी लेप आणून दिला, आणि कॅन्सर हा शब्द कोणी तोंडातून काढत नव्हतं पण सगळ्यांच्या डोक्यात तोच. मी पसरण्याचं विचारलं तेव्हा तुम्ही हसण्यावारी नेलं नाहीत. सुई हातात घेऊन दाखवलीत, २३ गेजची, रक्त काढतात त्याहून बारीक, आणि म्हणालात की असल्या सुईने आजार पसरणं इतकं विरळ आहे की त्या भीतीने तपासणी टाळायची नसते. भूल पण लागत नाही म्हणालात, भुलीचं इंजेक्शन टोचायचं म्हणजे तीही एक सुईच की.

मग "भियेनाका गो, फक्त हलू नको" म्हणून गाठ दोन बोटांत धरलीत, सुई आत-बाहेर हलवलीत आणि झालं पण. मला वाटलं आता मोठं काहीतरी सुरू होईल, तर तुम्ही काचेवर थेंब पसरवत होता, काही काचा अल्कोहोलच्या बाटलीत, काही नुसत्या वाळवायला.

पण खरे आभार पुढच्या गोष्टीचे. सुईतून आलं ते फाटलेल्या दुधासारखं पिवळट होतं, ते बघून तुम्ही क्षणभर थांबलात, आणि पुन्हा सुई घालून थोडं छोट्या नळीत वेगळं काढून सीबीनॅटला, म्हणजे टीबीचे जंतू यंत्रावर शोधणाऱ्या तपासणीला, पाठवलंत. कोणी सांगितलं नव्हतं, चिठ्ठीवर नुसतं एफएनएसी लिहिलेलं. रिपोर्टात ग्रॅन्युलोमा (सुजेतल्या पेशींचे पुंजके) आले, म्हणजे टीबीचा संशय, पण काचेवर झेडएन स्टेनमध्ये, टीबीचे जंतू रंगवून बघतात त्यात, जंतू काही दिसले नाहीत. नळीतल्या नमुन्यात मात्र सापडले, आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल हेही त्यातच कळलं. ती नळी नसती तर पेडणे ते बांबोळी पुन्हा, पुन्हा सुई, आणि तोवर घरी पुन्हा तेच रडगाणं.

टीबी म्हटल्यावर आई रडली, मी मात्र चक्क सुटकेचा श्वास टाकला, असं वाटावं यात विचित्र काय आहे ते ज्यांनी कॅन्सर गृहीत धरलेला असतो त्यांना विचारा. छातीचा एक्स-रे स्वच्छ आला, त्यामुळे ताटं-वाट्या वेगळ्या करायचा आईचा बेत पण मोडला. गोळ्या सरकारी, फुकट, ६ महिने रोज घ्यायच्या, पहिले २ महिने ४ औषधं आणि मग ३. लघवी केशरी होते हे तुम्ही आधीच सांगून ठेवलंत म्हणून बरं, नाहीतर पहिल्याच सकाळी आमच्याकडे गोंधळ उडाला असता. मध्ये गाठ जरा मोठी झाली तेव्हाही मी घाबरले, पण औषध चालू असताना असं होऊ शकतं, गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, येऊन दाखवायचं, हेही तुम्ही सांगितलेलंच. दाखवलं. आता बोटाला लागते न लागते एवढीच उरलीय.

बांबोळीच्या त्या फुलांच्या खुरसाजवळ (क्रॉसजवळ) आई मेणबत्ती लावून आली, आमच्या देवाला नारळ वेगळा. तुमच्या वाटणीला चवथीच्या नेवऱ्या (करंज्या) आहेत, डबा पॅथॉलॉजीत कोणाकडे द्यायचा तेवढं कळवा.

आणि हो, काचा एमबीबीएसच्या मुलांना दाखवल्या तर चालेल का असं तुम्ही तिला विचारलं होतं. ती म्हणते खुशाल दाखवा, फक्त सांगा की पेशंट अजिबात ओरडली नव्हती.

तिची थोरली बहीण, पेडणे