नारळी पौर्णिमेनंतर या

परळ, १० जुलै

ती. आई आणि बाबा,
शि. सा. नमस्कार.

फोनवर तुमच्या परत येण्याचा विषय काढला की बाबा "थांब, आईला देतो" म्हणतात आणि आई आधी पाऊस विचारते, मग भाजी काय केली ते विचारते. म्हणून लिहितेय. तुमची पंचवटीची तिकिटं मी रद्द केली. पैसे बाबांच्या खात्यात येतील. नारळी पौर्णिमा झाली की या, न्यायला मी स्वतः नाशिकला दादाकडे येते.

घर तुमचं आणि येऊ नका म्हणणारी मी कोण, हे आई म्हणायच्या आधी मीच म्हणून टाकते. आता कारण. मागच्या गॅलरीत मांजर आहे. बाळंतीण. तीन पिल्लं आहेत.

मी तिला आणली नाही, तीच आली. बाबा, आपल्या गेटपाशी मासेवाल्या मावशींच्या पाटीशेजारी ऐटीत बसणारी तिरंगी, जिला तुम्ही इन्स्पेक्टर म्हणायचात, तीच ही. तीन रंगांची मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते म्हणे, तेव्हा इन्स्पेक्टरबाई म्हणायला हवं. जून-जुलै मासेमारी बंद, मावशींची पाटी बंद. एरवी मासे साफ करताना डोकी, काटे, आतडी पडायची त्यावर ही जगत होती. पाटी बंद झाल्यावर इन्स्पेक्टरबाई दारोदार ओरडत फिरायला लागल्या. ओरडणं म्हणजे काय, तिसऱ्या मजल्यावर टीव्ही ऐकू येईना.

कुणाची असेल, घरी खाऊन इथे नाटकं करत असेल, असं मलाही वाटलं. (आई, "मांजर सात घरी जेवते" हे तू म्हणशीलच.) म्हणून वॉचमनला विचारलं, समोरच्या चाळीत विचारलं. शेवटी कागदाची सैल पट्टी तिच्या गळ्यात घातली, तिच्यावर लिहिलं की ही तुमची असेल तर या नंबरवर फोन करा. दुसऱ्या दिवशी पट्टीचा लगदा होऊन आला, फोन कुणाचा आला नाही. कानाचं टोकही कापलेलं नव्हतं. ऑपरेशन झालेल्या रस्त्यावरच्या मांजराच्या कानाचं टोक कापतात, लांबून ओळखता यावं म्हणून.

मग पोटाकडे लक्ष गेलं. बरगड्या मोजता येतील इतकी वाळलेली, आणि सड मात्र गुलाबी, भरलेले, भोवतीचे केस गेलेले. खाऊन झालं की मांजर अंग चाटत बसतं ना, ही बसायची नाही. तडक खालच्या मीटरच्या खोलीकडे. मी मागे गेले नाही. आपण माग काढला तर ती पिल्लं आणखी लांब नेते. नुसतं रोज त्याच वेळी, त्याच जागी खायला ठेवत गेले.

नंतर तो दिवस आला, भरती आणि पाऊस एकदम. हिंदमाताला काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. मी दादरहून पाण्यातून चालत आले तर मीटरच्या खोलीत घोट्यापर्यंत पाणी आणि ही बया मागच्या लोखंडी जिन्यावरून मानगुटीला धरून एकेक पिल्लू वर आणत होती. तीन मजले. तिसरं आणलं तेव्हा तिला गॅलरीच्या कठड्यावर चढवेना, मी फक्त खाली टॉवेल धरला. बाकी सगळं तिचं. बसली ती बाबांच्या कागदांच्या खोक्यात. घाबरू नका, गिरणी संपाच्या वर्षीची कात्रणं आणि पावत्या आधीच काढून कोरड्या डब्यात ठेवल्यात, एकही भिजलेली नाही.

पिल्लांचे डोळे उघडलेत, कान अजून पुरते उभे नाहीत, म्हणजे तीनेक आठवड्यांची असतील. चौथ्या आठवड्यापासून मऊ खाणं चाटायला लागतात, दूध सुटायला आठ आठवडे. त्याआधी हलवलं तर आई एकीकडे आणि पिल्लं भलतीकडे. हाच सगळा हिशोब आहे, म्हणून नारळी पौर्णिमा.

आणि बाबांचा दमा. गिरणीच्या धुळीनं दिला तेवढा पुरे आहे. मांजराच्या केसांनी त्रास होतो असं आपण म्हणतो, पण खरा त्रास तिच्या लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनाचा. ते हवेत तरंगतं, पडद्यांना नि गाद्यांना महिनोन्‌महिने चिकटून राहतं. गॅलरीचं दार मी बंदच ठेवते. तिथे जायचा गाऊन वेगळा आहे, तो तिथेच लटकतो. बाबांची गादी प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटावर आहे. पिल्लं गेली की पडदे धुणार, भिंती ओल्या फडक्यानं पुसणार, आणि तरीही तुम्ही सुरुवातीला पुढच्या खोलीतच झोपायचं. यावर वाद नको. मागच्या नोव्हेंबरातली ती रात्र मला परत नको आहे, बाबा. टॅक्सीत तुमचा हात धरून मी बसले होते आणि तुम्ही मलाच म्हणत होतात, घाबरू नकोस बबे.

आई, दूध का देत नाहीस असं विचारशील. बहुतेक मोठ्या मांजरांना गाईम्हशीचं दूध पचत नाही, जुलाब होतात, आणि अंगावर पाजणारीला जुलाब म्हणजे पिल्लांचेही हाल. तिला नेहमीच्या दुपटीहून जास्त खाणं लागतं. उकडलेली कोंबडी, अंडं, पिल्लांसाठीचं सुकं खाणं आणि भरपूर पाणी. मीठ, हळद, मसाला काही नाही, कांदा-लसूण तर विषच. तुझ्या कढईला मी हात लावलेला नाही. वेगळं पातेलं घेतलंय, ते गॅलरीतच असतं.

बाबांना कलम लागतं, त्याशिवाय पटत नाही. घ्या: राज्यघटना, ५१ अ (जी), १९७६ ची घटनादुरुस्ती, सजीवांविषयी दया हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य. खालच्या काकू "घाण होते" म्हणाल्या तेव्हा मी हे म्हटलं नाही, झाडू घेऊन जिना धुतला. तेवढ्यानं त्या गप्प झाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच अर्धा बोंबील पाठवला, फ्रीजमधला.

आणि बाबा, संपाच्या वर्षी आपल्याकडे डबा कुठून यायचा ते मला आत्यानं सांगितलंय. आपल्या पिंगी मांजरीबद्दल मी काही बोलत नाही. तेव्हा तुमच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता, मला आता कळतं.

पुढचंही ठरलंय. बैलघोड्याला, म्हणजे आपल्या परळच्या जनावरांच्या हॉस्पिटलात, जाऊन डॉक्टरांशी बोलून आले. तुम्ही मला लहानपणी त्या गेटपाशी उभं करून बैल दाखवायचात, तेच. पिल्लांचं दूध सुटलं आणि तिचं आटलं की तिचं ऑपरेशन. पाजत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहू शकते, आणि नऊ आठवड्यांत व्यायला तयार, म्हणून तोपर्यंत गॅलरीची जाळी लावून ठेवलीय. ऑपरेशननंतर जरा बरी झाली की ती खाली, आपल्या गेटवर. तोवर मावशींची पाटीही परत आलेली असेल. दोन पिल्लं ऑफिसातल्या मैत्रिणीच्या घरी जाणार, ती दोघींना एकत्रच नेतेय. ओरखडा मला अजून एकही लागलेला नाही. लागलाच तर साबण आणि वाहतं पाणी पंधरा मिनिटं, मग लगेच इंजेक्शन. सगळं माहीत आहे मला.

तुमचं घर तुमच्यासारखंच आहे. देवघरात रोज वात लागते. तुळस पावसानं लोळली होती, तिला काठी बांधली. बाबांची खुर्ची विणून घेतली, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतला, मिक्सरचं भांडं बदललं. लोणच्याची बरणी मी उघडलेली नाही. (एकदाच. कोरड्या चमच्यानं.)

आता तुम्ही काय करायचं ते. बाबा, बरं वाटतंय म्हणून पंप बंद करायचा नाही, आणि घेतल्यावर चूळ भरायची, दर वेळी. वहिनी बघते आहे, मला कळतं. आई, डोळ्यांचे थेंब वेळेवर, पापड बंद, आणि नातीला कडेवर घेऊन जिना चढायचा नाही, ती आता चालते. दादाच्या चहात साखर किती यावर वहिनीशी बोलू नकोस. संध्याकाळी दोघांनी फिरायला जा, पण पाऊस असेल तर नाही, आणि स्लिपरवर तर मुळीच नाही, बूट घाला. रेनकोट दादाकडे आहेत.

इथे येऊन माझ्या हातचं खायचं तुम्हाला फार वाटतं असं मी धरून चालले आहे. आई, नारळीभात तुझाच, मी फक्त नारळ खवून ठेवीन.

तुमची,
बबी

ता. क. पिल्लं तीन आणि मैत्रीण नेतेय दोन, हा हिशोब बाबांनी आत्तापर्यंत केला असेलच. तिसऱ्यासाठी वरळीत एक घर बघतेय. नाहीच मिळालं तर आपण बसून बोलू. तोपर्यंत आईला काही सांगू नका.