लग्नातलं घड्याळ

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

आबांचं एचएमटी कंपनीचं घड्याळ किती जुनं आहे आणि त्यात कोणतं मशीन आहे, ते तू विचारलं होतंस. "आबांच्या लग्नातलं आहे म्हणजे १९५७ चंच असणार," असंही लिहिलं होतंस. मलाही जन्मभर तेच ठाऊक होतं. परवा बीडला घेऊन गेलो आणि कारागिराकडून मागचं झाकण उघडून घेतलं. जे दिसलं ते सविस्तर लिहितो, कारण पुढे हे तुझ्याकडेच राहायचं आहे.

उघडण्याआधी कारागिराने नुसती चावी दिली आणि घड्याळ कानाला लावलं. पेटीत इतकी वर्षं पडून होतं तरी लगेच चालू झालं. त्याने मला सेकंद काटा बघायला लावला. सेलच्या घड्याळाचा काटा सेकंदाला एकच उडी मारतो. आपला एका सेकंदात पाच बारीक ठोके घेत सरकतो, तासाला अठरा हजार. म्हणजे कमानीवर चालणारं आहे. हातावर घालून आपोआप चावी बसणाऱ्या घड्याळात मशीनच्या पाठीवर अर्धचंद्रासारखं एक वजन फिरत असतं. आपल्यात ते नाही, रोज हातानेच चावी द्यायची.

मग त्याने चाकूचं पातं फटीत घालून झाकण उचकटलं आणि डोळ्याचं भिंग माझ्या हातात दिलं. बाळा, ते तू बघायला हवं होतंस. घड्याळाचा ताल धरणारं बॅलन्सचं चाक मागे-पुढे झुलत होतं, त्याच्या पोटात केसाएवढी बालकमान श्वास घेतल्यासारखी उघडत-मिटत होती आणि जिथे जिथे आस टेकतो तिथे डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल खडे होते. असे सतरा. ते कृत्रिम माणकाचे असतात आणि घर्षण कमी करायला बसवलेले असतात. बॅलन्सच्या आसावर एक नाजूक स्प्रिंगही आहे, तिला पॅराशॉक म्हणतात. घड्याळ हातून पडलं तर धक्का ती झेलते, आस मोडत नाही.

मशीनवर आकडा कोरलेला आहे : ०२३१. मशीनची ओळख त्याच आकड्याने पटते, डायलवरच्या नावाने नाही. डायल बदलता येते, रंगवताही येते. आजकाल जुन्या एचएमटीवर ताज्या रंगाच्या डायली बसवून विकतात, त्यामुळे झाकण उघडल्याशिवाय कुणाच्याही बोलण्यावर जाऊ नये. आपली डायल मात्र मूळचीच आहे, कडेने पिवळसर झालेली, ‘जनता’ हे मॉडेलचं नाव थोडं पुसट. कारागीर म्हणाला, रंगवून देतो. मी नको म्हणालो. तूही कधी रंगवू नकोस.

आता मुख्य गोष्ट. ०२३१ हे एचएमटीचं मशीन जपानच्या सिटिझन कंपनीच्या रचनेवर बेतलेलं आहे. त्या कंपनीच्या सहकार्याने एचएमटीने बंगळूरला घड्याळाचा कारखाना काढला तो १९६१ साली. आबा-मायचं लग्न १९५७ चं, लग्नपत्रिका अजून आपल्या पेटीत आहे. म्हणजे लग्नात हे घड्याळ मिळणं शक्यच नाही. मी तिथेच बाकावर बसून राहिलो.

पण हे मशीन कित्येक वर्षं बनत राहिलं, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून ६१ च्या नंतरचं एवढंच कळतं. पुढचं झाकणाने सांगितलं. झाकण उजेडात तिरपं धरलं तर आतल्या बाजूला सुईने ओरखडल्यासारखं ‘४-७८’ दिसतं, त्याच्याखाली ‘१-८५’, आणि आणखी एक आहे पण ते वाचता येत नाही. जुने कारागीर सफाई-तेलपाणी केलं की अशी खूण करून ठेवत. म्हणजे एप्रिल ७८ च्या आधी हे घड्याळ आबांच्या हातावर आलेलं होतं.

रात्री थोरल्या आत्याला फोन केला. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "कशाचं लग्नातलं रे! ते तर बहात्तरच्या दुष्काळात गेलं." लग्नातलं घड्याळ स्विस होतं, वेस्ट एंडचं, सहाच्या आकड्यापाशी वेगळा चिमुकला सेकंद काटा असलेलं. मायच्या वडिलांनी हौसेने दिलेलं. ७२ ला विहिरी आटल्या, माणसं खडी फोडायला गेली, घरात मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी होत्या. "बैलं उपाशी मरायले होते," आत्या म्हणाली, "आबांनी घड्याळ विकून कडबा आणला." त्यानंतर मायचे वडील आले की आबा मनगटावर रुमाल बांधून बसायचे, हात मुरगळलाय म्हणायचे. आत्याच्या लग्नाच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९७५ ला, हे एचएमटी आलं. मायने त्याच दिवसापासून त्याला लग्नातलं घड्याळ म्हणायला सुरुवात केली आणि घरात कुणी तिला दुरुस्त केलं नाही.

मी तेव्हा पाच वर्षांचा होतो. मला तो रुमालही आठवत नाही, याचं फार वाईट वाटतं. आबा बैलांच्या पाठीवरून हात फिरवताना आठवतात, तेवढंच.

तेव्हा तू कुणाला सांगशील तर असं सांग : एचएमटी जनता, ०२३१, सतरा खड्यांचं, १९७५ ला घेतलेलं. बाजारात याला मोठी किंमत नाही, आणि विकायचंही नाही.

सफाई करून आणलंय. दिवाळीला आलास की घेऊन जा. चावी रोज सकाळी एकाच वेळी दे, हातातून काढून दे, आणि बोटाला अडल्यासारखं लागलं की तिथेच थांब, आणखी पिळू नकोस. पावसात आणि आंघोळीला घालू नकोस. झाकण उघडायची वेळ आली तर कारागिराला आतल्या खुणा पुसू देऊ नकोस. त्यांच्या खाली यंदाची खूण मी करून घेतली आहे.

तुझी आई बरी आहे. जेवण वेळेवर करत जा.

तुझे
बाबा