पॉ, हा डबा रिकामा परत करायचा नव्हता

पॉ,

नातीचं ऐकून मीही तुम्हाला ‘पॉ’, म्हणजे आजी, म्हणते. तुम्हाला मराठी येत नाही आणि मला तुमची ह्मोंग भाषा येत नाही. तुमची नात तिच्या परीने समजावेल तेवढंच हे पत्र तुमच्यापर्यंत पोचेल. तरी मराठीतच लिहितेय, कारण ज्यांनी हे वाचावं असं मला वाटतं त्यांना मराठी चांगलं येतं.

लेक अकरा दिवसांची होती. अमेरिकेतल्या सेंट पॉलचा जानेवारी, बाहेर उणे बावीस. आईचा व्हिसा नाकारला गेलेला, नवऱ्याची रजा संपलेली, आणि सासूबाई फोनवरून डिंकाच्या लाडवांची कृती सांगताहेत. आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर बारसं कधी म्हणून चौकशा चालल्या होत्या. ‘काही लागलं तर सांग गं’ असंही सगळ्यांनी लिहिलं होतं. एकदा मी खरंच सांगितलं, कुणी दोन तास येऊन बसेल का, मला झोपायचंय. त्यावर अंगठे आले. एकीने जोडलेले हात टाकले. ते कशासाठी, मला अजून कळलेलं नाही.

बाळ रडायचं, रात्री दहा ते तीन. वरच्या मजल्यावरून कुणीतरी दाराला चिठ्ठी चिकटवून गेलं: भिंती पातळ आहेत, कृपया लक्ष द्यावं. कसलं लक्ष द्यायचं ते लिहिलं नव्हतं.

त्याच पातळ भिंतीतून आवाज तुम्हालाही येत होता. तुम्ही उठून आलात.

मी दार उघडलं तेव्हा एका हातात बाळ होतं, दुसऱ्या हातात नळाचं पाणी. तुम्ही बूट काढलेत, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलंत आणि माझ्या हातातला ग्लास काढून घेतलात. सिंकमध्ये ओतून टाकलात. मग माझ्याच स्वयंपाकघरात दोन कपाटं उघडून पातेलं शोधलंत, पाणी तापवलंत, एक थेंब स्वतःच्या मनगटावर टाकून पाहिलात आणि ग्लास परत माझ्या हातात दिलात. मी शेवटचा घोट घेईपर्यंत समोरून हलला नाहीत.

बस्स, एवढंच. पुढे महिनाभर तुम्ही कितीतरी केलंत, पण मला राहून राहून तो ग्लासच आठवतो. दवाखान्यात बाळंत होऊन तास झाला नाही तोच नर्सने बर्फ घातलेलं पाणी दिलं होतं. तिने प्रेमानेच दिलं, मी प्यायले, वाद कोण घालणार. बाळंतिणीने गार पाण्याला शिवायचं नाही हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. माझी आई इथे असती तर तिने तो ग्लास माझ्या हातात टिकू दिला नसता. आणि हे सगळं ठाऊक असून मी अकरा दिवस नळाचंच पाणी पीत होते, कारण स्वतःसाठी पाणी तापवावं एवढंही अंगात उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डबा आला. उकडलेली कोंबडी, तिचा पातळ रस्सा, गरम भात, आणि रस्श्यात हिरवा पाला, जो तुम्ही उन्हाळ्यात मागच्या अंगणात बादल्यांमधून लावता आणि हिवाळ्यासाठी फ्रीझरमध्ये भरून ठेवता. तिखट नाही, मसाला नाही. नातीने सांगितलं, “पॉ म्हणतेय, तीस दिवस हेच.” आमच्याकडे सव्वा महिना, म्हणजे फरक काय तो आठ-दहा दिवसांचा. (तो गुरुवार होता. आमच्या घरी गुरुवारी कोंबडी चालत नाही. सासूबाईंना हे अजून माहीत नाही, आता होईल.)

एक कबुली द्यायची आहे. दोन वर्षं मी तुम्हाला जिन्यात बघून नुसती मान हलवत होते. घरात तुमचा उल्लेख ‘शेजारची चायनीज आजी’ असा व्हायचा. ह्मोंग म्हणजे कोण, हे मला ठाऊक नव्हतं, तेही सेंट पॉलमध्ये राहून, जिथे बाजारात तुमच्या बायकांकडूनच मी दर शनिवारी कोथिंबीर घेते! लाओसच्या डोंगरांत तुमची माणसं अमेरिकेच्या बाजूने लढली, मे १९७५ मध्ये लाँग चेंगच्या तळावरून तुमचे सेनापती जनरल वांग पाओंना विमानाने हलवलं आणि हजारो लोक धावपट्टीवर मागे राहिले, हे मी नंतर वाचलं.

तुम्ही मात्र मला ते भिंतीवरच्या कापडावर दाखवलंत. थायलंडमधल्या बान विनाईच्या निर्वासित छावणीत तुम्ही भरलेलं ते निळं कापड: वर डोंगर, विमानं, बंदुका घेतलेले शिपाई, मध्ये सीमेवरची मेकाँग नदी, आणि बांबूंच्या आधाराने पोहणारी बोटभर माणसं. तुमचं बोट एकेक टाका ओलांडत नदीपर्यंत आलं आणि पाठीवर मूल बांधलेल्या एका बाईवर थांबलं. नात म्हणाली, नदीवर पोरं रडून शिपायांना सुगावा लागू नये म्हणून आया पोरांना अफू चाटवायच्या. किती चाटवायची, याचं माप कुणाकडेच नव्हतं. त्यापुढचं तिने भाषांतर केलं नाही. मीही विचारलं नाही.

माझी मुलगी टाहो फोडायची तेव्हा तुम्ही हसायचात. मला वाटायचं, आजीबाईंना ऐकू कमी येतं.

तुमच्या देवाधर्माबद्दल मी काय बोलणार. भिंतीवर सोनेरी कागद, त्याला चिकटवलेली कोंबडीची पिसं, खाली उदबत्ती. थोरला मुलगा चर्चला जातो, तुम्ही जात नाही. पण रविवारी त्याच्या शर्टाला इस्त्री तुमचीच असते. माझ्या लेकीचा जीव घाबरून कुठे भरकटला असेल, तर त्याला घरी बोलवायला हवं, असं तुम्ही म्हणालात आणि आधी नातीकरवी विचारलंत, चालेल का? आमच्याकडे दृष्ट काढताना कुणी बाळाच्या आईलाही विचारत नाही. मग उंबऱ्यात उभं राहून, तांदळाच्या वाटीत अंडं ठेवून, उणे तापमानात दार सताड उघडं टाकून तुम्ही तिला हाका मारल्यात. वरच्या मजल्याला ऐकू गेल्या असतील. जाऊ देत.

नातीने सांगितलं, तुमच्यात वार घरातच पुरतात, मुलाची खांबाशी, मुलीची आईवडिलांच्या पलंगाखाली. मेल्यावर जीव तिथे परत जातो, कारण वार म्हणजे त्याचा पहिला अंगरखा. आमच्यात नाळ पुरलेलं गाव म्हणतात. तुमचं ते घर युद्धात जळालं. हे सांगताना तुम्ही माझ्या लेकीच्या मनगटाला पांढरा दोरा बांधत होतात आणि गाठ बसत नव्हती म्हणून स्वतःवरच चिडला होतात.

तो दोरा परवा अंघोळीत सुटला. फेकलेला नाही, काजळाच्या डबीत आहे.

तुमचा निळ्या झाकणाचा डबा अजून माझ्याकडेच आहे. आमच्यात शेजारचा डबा रिकामा परत करत नाहीत. काल डिंक मिळाला. लाडू वळताना निम्मे फुटले, पाक चुकला असावा. आज संध्याकाळी घेऊन येते. तुम्ही नेहमीसारखं दारातच ‘नॉ मॉ?’ विचाराल, जेवलीस का म्हणून. जेवून आले तरी नाहीच म्हणेन.

तुमची,
पलीकडच्या दाराची