स्ट्रॉन्शियमच्या नावातली टेकडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मूलद्रव्यांच्या नावांवरील आपल्या लेखमालेतील ताजा लेख आवडला; मात्र स्ट्रॉन्शियमला स्कॉटलंडमधील एका गावाचे नाव मिळाले, एवढे सांगून तो पुढे गेला, याची चुटपुट लागली. खरी गोष्ट त्या गावाच्या नावापासून सुरू होते.

स्ट्रॉन्टियन हे पश्चिम स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील शिशाच्या खाणींचे गाव. तिथल्या खनिजात बेरियमहून वेगळे काही आहे, हे १७९० मध्ये अडेअर क्रॉफर्ड यांच्या ध्यानात आले, थॉमस चार्ल्स होप यांनी ते पडताळले आणि १८०८ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी विद्युतप्रवाहाने तो धातू वेगळा केला. पण गावाचे नाव मुळात केल्टिक भाषाकुळातील गेलिक या स्कॉटलंडमधील भाषेतले आहे. त्यातील ‘स्रोन’ म्हणजे नाक, डोंगराची पुढे आलेली सोंड. आणि ‘शीअन’ म्हणजे ज्यांना इंग्रजीत ‘फेअरी’ म्हणतात त्यांची टेकडी. गेलिकमध्ये ‘स्र’चा उच्चार ‘स्त्र’सारखा होतो, म्हणूनच मूलद्रव्याच्या नावाच्या आरंभी तो ‘ट’ येऊन बसला आहे. इथे ‘परी’ हा शब्द मला अपुरा वाटतो, कारण लोककथांतील हे टेकडीवासी नाजूक पंखांचे नसून माणसाला भुलवून आत नेणारे, भय वाटावे असे लोक आहेत.

त्यांच्या एका प्रसिद्ध कथेत टेकडीतून संगीत ऐकू येते म्हणून एक जण आत शिरतो आणि नाचात रमतो; त्याला क्षणभर नाचलो असे वाटते, बाहेर मात्र वर्ष उलटलेले असते. त्याला सोडवायला गेलेला सोबती दारात लोखंडी सुरी रोवून ठेवतो, कारण लोखंड असले की ते दार मिटत नाही. लोखंडाचा ‘आयर्न’ हा इंग्रजी शब्दही, बहुतेक भाषाशास्त्रज्ञांच्या मते, जर्मानिक भाषांनी, म्हणजे इंग्रजी ज्या कुळातली त्या भाषांनी, केल्टिक लोकांकडूनच घेतला. ज्यांनी शब्द दिला त्यांच्याच वारसदारांच्या कथांत त्या धातूला एवढे सामर्थ्य असावे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. आणि जिथे काळाचे भान हरपते अशा टेकडीचे नाव लावणाऱ्या मूलद्रव्याच्या अणूंवर आज अशी घड्याळे चालतात, की त्यांतील एकाची अचूकता दीड हजार कोटी वर्षांत एका सेकंदाचाही फरक न पडण्याइतकी मोजली गेली आहे.

अर्थात, प्रत्येक गोष्टीचे श्रेय केल्टिक परंपरेला देऊ नये. ‘व्हिस्की’ हा शब्द ‘जीवनाचे पाणी’ या अर्थाच्या गेलिक शब्दांतून आला खरा, पण ते शब्द म्हणजे ऊर्ध्वपातन करणाऱ्यांच्या लॅटिन संज्ञेचे भाषांतर आहे.

प्रयोगशाळेत स्ट्रॉन्शियमचा क्षार तारेच्या टोकाने ज्योतीत धरताच किरमिजी लाल रंग उमटतो, तो विद्यार्थ्यांच्या लक्षात राहतो. त्याच वेळी हे नावही उलगडून सांगितले, तर तेही लक्षात राहील. लेखमालेत पुढे लोखंड आणि शिसे येतील, तेव्हा त्यांच्या इंग्रजी नावांच्या केल्टिक धाग्यांना स्वतंत्र परिच्छेद द्यावा, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक