खाऱ्या वाऱ्यात गाडी जोखताना

प्रति, संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाहन पुरवणीत मारुतीच्या गाड्यांवरून वाचकांची चांगलीच जुंपली आहे. एक पक्ष 'पत्र्याचा डबा' म्हणून मोकळा होतो, दुसरा ॲव्हरेज आणि रीसेल पुढे करतो. दोघांनाही गाड्यांची जाण आहे. पण कोकणात गाडीचा खरा निकाल तिसऱ्या पावसाळ्यानंतर, ती लिफ्टवर चढवून खालून पाहिली की लागतो. त्या बाजूने कोणीच लिहिले नाही, म्हणून हे पत्र.

आधी लोकप्रियतेचे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. पुढच्याच वर्षी तेच ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन घेऊन व्हॅन आली, तीच पुढे ओम्नी झाली. आंब्याच्या पेट्या, मासळी, शाळेची पोरे, पेशंट, कोकणात ओम्नीने काय वाहिले नाही! या दोन गाड्यांवर हात बसलेले मेकॅनिक आणि त्यांचे चेले आज तिठ्यातिठ्यावर आहेत. शिवाय कंपनी इंजिने मोजकीच ठेवते. अल्टो के-१०, एस-प्रेसो, सेलेरिओ, वॅगनआर यांतले १ लिटरचे इंजिन एकाच घराण्यातले, तर एर्टिगा, ब्रेझा, जिम्नी यांतले १.५ लिटरचे एका घराण्यातले. एक उघडून बसवले की बाकीची ओळखीची होतात. लोअर आर्मचा बुश, लिंक रॉड, ब्रेक शू, क्लच प्लेट तालुक्याच्या दुकानात मिळते, नसेल तर कोल्हापूरहून एसटीच्या पार्सलने येते. हौसेने गाडी घेणाऱ्याला हे किरकोळ वाटेल. आंबोलीच्या पायथ्याशी भर पावसात खोळंबलेल्या कुटुंबाला याहून मोठे काही नसते.

हौशी मंडळींच्या तक्रारीही खऱ्या आहेत, आणि पहिली डिझेलची. मूळ फियाटचे १२४८ सीसीचे इंजिन स्विफ्टमध्ये २००० आरपीएमलाच (मिनिटाला फेऱ्या) १९० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, द्यायचे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष आले आणि मारुतीने डिझेल बंद केले. २०२४ च्या स्विफ्टमध्ये चाराचे तीन सिलिंडर झाले. टॉर्क सुमारे ११२ न्यूटन मीटर, तोही ४३०० आरपीएमला. ॲव्हरेज वाढले, पण पाच माणसे आणि भरलेली डिकी घेऊन कुंभार्ली घाट चढताना हा फरक पायाला कळतो. अशा वेळी इंजिन ओरडते म्हणून घाईने तिसरा गिअर टाकू नये. दुसऱ्यातच ठेवून आरपीएम साडेतीन हजारांच्या आसपास राखावे. वरच्या गिअरमध्ये रेटत राहिले तर इंजिन खडखडते आणि तापते. उभ्या गाडीतली थरथर थोडी राहणारच, कारण तीन पिस्टनांचे झोके एकमेकांना पुरते तोलत नाहीत. ती एकाएकी वाढली तर मात्र आधी इंजिन माउंटिंगचे रबर पाहावे.

एजीएस म्हणजे ऑटो गिअरवाल्यांनी घाटातल्या कोंडीत गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नये. आत क्लच साधाच आहे, तो घसरत राहतो आणि जळतो. हँडब्रेक ओढावा. सीएनजीवर वॅगनआर १.० ची ताकद साधारण ६७ वरून ५७ पीएसवर येते, तेव्हा चढाआधी पेट्रोलवर घ्यावी. टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, करायचीच असते. त्याच वेळी टाकीचे पट्टे आणि नटबोल्ट गंजले आहेत का, हे पाहून घ्यावे.

आता पत्र्याचे. दरवाजावर बोटाने टकटक करून गाडी मजबूत की कमकुवत ठरवणारे बरेच आहेत. ती परीक्षाच चुकीची. दरवाजाची बाहेरची कातडी अपघातात फारसे काही अडवत नाही. खांब, छताची चौकट, रनिंग बोर्डच्या (दरवाजाखालच्या पट्ट्याच्या) आतली पेटी आणि पुढचे चेसिसचे दांडे माणूस वाचवतात. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या अपघात चाचणीत डिसेंबर २०२२ मध्ये स्विफ्ट, इग्निस आणि एस-प्रेसोला एकच स्टार मिळाला, एप्रिल २०२३ मध्ये वॅगनआरला एक आणि अल्टो के-१० ला दोन. त्याबद्दल कंपनीला बोल लावणे रास्तच. पण त्याच कंपनीच्या नव्या डिझायरने नोव्हेंबर २०२४ मध्ये मोठ्यांच्या सुरक्षेत पाच स्टार मिळवले. तेव्हा 'मारुती' या नावाला सरसकट शिक्का मारू नये, मॉडेल आणि साल विचारावे.

आणि हीच चौकट कोकणात गंजाच्या तोंडी असते, हा या पत्राचा गाभा. किनाऱ्यावर ठेवलेली कुठल्याही कंपनीची गाडी गंजते, पण हलक्या पत्र्याला अवधी कमी मिळतो. मागचा दरवाजा उघडा आणि खालच्या दुमडीवरून बोट फिरवा. तिथे तीन-चार लहान भोके असतात. काचेच्या रबराशेजारून दरवाजाच्या पोटात उतरलेले पाणी त्यातून बाहेर पडते. तांबडी माती बसून भोक बुजले की पाणी आत राहते, दरवाजा हलवला तर खळखळ ऐकू येते. काही महिन्यांनी रंगाला तांदळाच्या दाण्याएवढे फुगे येतात. फुगा बाहेर दिसतो तेव्हा आतला पत्रा आधीच खाल्लेला असतो. वरवर घासून, लांबी (पुट्टी) भरून रंग मारला, तर पुढच्या चतुर्थीपर्यंत तो पुन्हा वर येतो. हिराच्या खराट्याची एक काडी घेऊन पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी ही भोके मोकळी करावीत. लोखंडी तार वापरू नये, ती आतला रंग ओरबाडते. वायपरखालच्या जाळीत साठलेला पालापाचोळा काढावा, नाहीतर पाणी ब्लोअरमधून पायाशी येते आणि मॅटखालची फरशी ओली राहते.

अंडरकोटिंगबद्दल, म्हणजे गाडीच्या खालच्या बाजूच्या गंजरोधक लेपाबद्दल, फार गैरसमज आहेत. शोरूम कोणत्याही कंपनीचे असो, अर्ध्या तासात मारलेला काळा फवारा बहुधा नुकसानच करतो. चिखल आणि ओल लेपाखाली कोंडली जाते आणि गंज नजरेआड वाढतो. योग्य वेळ एप्रिल-मे, मिरगाआधी. प्रेशरने खालची बाजू धुवावी आणि गाडी पूर्ण एक दिवस वाळू द्यावी. सुटा गंज तारेच्या ब्रशने काढून झिंक प्रायमर मारावा, तो सुकल्यावर लेप. सायलेन्सर, ब्रेक डिस्क, ॲक्सलचे रबरी बूट, सेन्सर आणि पाणी जाण्याची भोके झाकून घ्यावीत. रनिंग बोर्ड आणि दरवाजांच्या पोटात मात्र हा जाड लेप नको, तिथे नळीने पातळ मेण फवारावे. ते सांध्यांत झिरपते. बऱ्याच सायलेन्सरला मागच्या डब्याखाली बारीक भोक असते, ते पाण्यासाठी ठेवलेले असते. गळती समजून ते वेल्डिंगने बुजवले तर डबा आतून सडतो. पावसात गाडी आठ-दहा दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक न लावता पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत. नाहीतर मागचे ब्रेक शू ड्रमला चिकटतात.

जिम्नीचे हौशी मंडळींत मोठे कौतुक आहे, आणि ते योग्यच. शिडीची चेसिस, लो गिअर, २१० मिमी ग्राउंड क्लिअरन्स, जांभ्याच्या वाटांना याहून चांगले काय हवे? पण डिकी लहान आणि किंमत जड, म्हणून इथला घरगुती गिऱ्हाईक एर्टिगाकडे वळतो. जिम्नीवाल्यांना कळकळीची विनंती, गाडी पुळणीत घालू नका. ओल्या वाळूत चाक रुतले आणि भरती आली की खारे पाणी हबच्या बेअरिंगमध्ये आणि वायरिंगच्या जोडांत शिरते. मग महिनाभराने एकेक दिवा आणि सेन्सर बंद पडू लागतो.

सेकंड गाडी घेणाऱ्यांनी २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर विसरू नये. गाडी पुरात बुडालेली नाही ना, हे कळायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. गुंडाळलेल्या भागात मातीची रेघ सापडली तर कागद कितीही स्वच्छ असोत, गाडी सोडून द्यावी. सीटखालचे रूळ आणि स्टेपनीचा खड्डाही पाहावा.

कंपनीकडे मागणी एकच. किनारपट्टीच्या जिल्ह्यांत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या पोकळ भागांत कारखान्यातच मेण भरलेले असावे, अगदी स्वस्तातल्या मॉडेललाही. आणि आपल्याकडे एक विनंती. पुरवणीत पुढची तुलना छापाल तेव्हा तीन पावसाळे काढलेल्या गाड्या घ्या आणि रनिंग बोर्ड, मागचा ॲक्सल, सायलेन्सर यांचे खालून काढलेले फोटो छापा.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी